ओढलेला श्वास

भाताची कापणी उरकली होती. जाळलेल्या धसकटांचा धूर शेतांवरून जमिनीलगत सरकत होता, आणि खाम्पोन बापाचा खेन पाठीला बांधून बुन्लायकाकांकडे निघाला होता. काम तसं साधंच. खेनाची एक नळी मुकी झाली होती, ती बोलती करून आणायची. बांबूच्या बारीक नळ्यांच्या दोन रांगा आणि मधे लाकडी तोंड. फुंकलं तरी वाजतो, श्वास आत ओढला तरी वाजतो. तो उघडून पुन्हा जोडणारे बुन्लायकाका पंचक्रोशीत एकटेच उरले होते.

मोटारसायकल नदीकाठच्या रस्त्याला लागली तसं त्याच्या मानेला गार लागलं. वारा तर समोरून येत होता. हा गारवा मागचा होता. पाठीशी बसून कुणी हळूच श्वास आत घेत होतं... घेतच होतं. सोडत नव्हतं.

त्याने मागे पाहिलं नाही. हा आवाज त्याच्या ओळखीचा होता. घरी भिंतीवर टांगलेला खेन रोज तिन्हीसांजेला असाच श्वास ओढून घेई. तो सुरू झाला की अंथरुणाला खिळलेली आई आपला श्वास रोखून धरी. रोज आधीपेक्षा थोडा जास्त वेळ.

काका घराखालच्या खांबांमधे, निखाऱ्यांपाशी बसले होते. काळ्या मेणाचा गोड-कडू वास भरून राहिला होता.

"ये! बाप इतका बडबड्या, आणि पोराच्या तोंडून शब्द फुटेल तर शपथ!"

"आधी त्याला खाऊ तर द्या," मालायकाकू चिकट भाताची टोपली पुढे सरकवत म्हणाल्या. "तुमच्यापुढे बोलायची सोय कुणाला आहे?"

खाम्पोन हसला. मग खाली मान घालून म्हणाला, "काका, आईचा हरवलेला जीव परत बोलवायच्या बैठकीसाठी हवाय. दुसरा खेन आणून पाहिला. नाही जमलं."

"जमणार कसं? ज्या खेनाने जीव हाकारायला सुरुवात केली, त्यानेच तो घरी आणायचा."

तो दिवस गावात सगळ्यांना ठाऊक होता. आजारी आईभोवती म्हाताऱ्या नाचत होत्या आणि बाप वाजवत होता. आईच्या मनगटाला पांढरा दोरा बांधला जाईपर्यंत सूर तुटू द्यायचा नसतो. दोरा बांधायच्या आतच बाप बसल्या जागी कलंडला. त्याचं क्रियाकर्म सगळं रीतसर झालं, पण बैठक अर्धीच राहिली. तेव्हापासून आई ना इकडची, ना तिकडची.

काकांनी फुलं आणि मेणबत्त्यांची ताटली खेनापुढे ठेवली, हात जोडले आणि सुरी उचलली. खाम्पोनने त्यांचा हात धरला.

"तेवढं... तेवढं राहू द्या."

एका नळीच्या भोकावर बापाने मेणाचं बूच लावलं होतं, भोक झाकलेलं राहिलं की तो सूर अखंड घुमतो म्हणून. त्यावर अंगठ्याचा ठसा होता, मधून विळ्याच्या जुन्या जखमेची तिरकी रेघ गेलेला.

"ती नेमकी मुकी नळी आहे, बाळा. मेण काढल्याशिवाय ती बाहेर येत नाही."

ठसा निखाऱ्यावर विरघळला. काकांनी नळी उपसली, आतली धातूची इवलीशी जीभ उजेडात धरली. जीभ तुटली नव्हती. आतल्या बाजूला वाकली होती, आणि थरथरत होती.

काकांनी ती ठोकून सरळ केली. ती पुन्हा आत वाकली. पुन्हा ठोकली. काकू पुटपुटल्या, "अहो... बाहेर वारा नाही."

"वारा नाही हा," काका हळू आवाजात म्हणाले. "याच्या बापाने श्वास ओढला आणि तेवढ्यात गेला. सोडायचा राहिलाय."

त्यांनी नळी तशीच बसवली, सांधे मेणाने बुजवले आणि खेन पुढे केला. "आता हे माझं काम नाही. फुंक."

"मी... लोकांसमोर कधी..."

"लोक कुठेत? मी आहे, आणि ही तुझी काकू. ती तर माझंही ऐकत नाही."

खाम्पोनने खेन ओठांना लावला. लाकूड बर्फासारखं गार होतं. बाहेर दिवस कलला होता. आत्ता घरी आईने श्वास रोखला असेल. त्याने डोळे मिटले आणि फुंकलं.

आधी नुसती हवा गेली. मग सूर निघाला. त्याच्या छातीत होता नव्हता तो श्वास संपला, तरी सूर चालूच राहिला. त्याच्या गालांवरून काहीतरी मोठं, उबदार वाहत बाहेर पडत होतं. बापाच्या तोंडाला असायचा तो सुपारीचा वास आला. काकूंनी खांब घट्ट धरला. निखाऱ्यांचा धूर खांबांमधून शेताकडे झुकला, आणि सूर आपणहून शांत झाला.

फोन वाजला. घरून बहीण नोई बोलत होती, रडतही होती. "दादा, आई उठून बसलीय... भात मागतेय! म्हणते, केवढा लांबवला यांनी सूर, दोरा बांधा आता. दादा, इथे... इथे कुणी वाजवलं रे?"

"मी येतो," खाम्पोन म्हणाला. "दोरा काढून ठेव."

काकूंनी भात केळीच्या पानात बांधून दिला. "आईला म्हणावं, पोट भरून खा!" खेन पाठीला बांधताना त्याचं बोट त्या नळीवर थांबलं. भोकावर मेणाचं बूच होतं.

"काका, हे तुम्ही लावलंत?"

"छे. बूच वाजवणाऱ्याने लावायचं असतं. मी भोक उघडंच ठेवलं होतं."

खाम्पोनने खेन निखाऱ्यांच्या उजेडात धरला. मेणावर अंगठा उमटला होता, मधून तिरकी रेघ गेलेला. त्याने हलकेच स्पर्श केला. नुकतंच दाबलेलं असावं तसं ते मऊ होतं, आणि अजून कोमट.