पळसाच्या पानांचा मुकुंद

कवडू त्या दिवशी सीताबर्डीच्या बाजारात संत्र्यांच्या टोपल्या बांधायला आला होता. त्याची गाठ सगळ्या बाजारात ओळखीची. दोन वेढे आणि शेवट आत खुपसलेला. सुटता सुटायची नाही.

याच गाठीनं त्यानं सर्वपित्री अमावस्येला भावाचा पुतळा बांधला होता. मोठा भाऊ मुकुंद इटलीच्या लढाईत बेपत्ता, एवढीच तार आली होती. प्रेत नसलं की पळसाच्या पानांचं माणूस करायचं, डोक्याच्या जागी नारळ ठेवायचा, हळदीच्या सुतानं बांधून अग्नी द्यायचा. पण त्यासाठी लोक बारा वर्षं थांबतात. कवडूला महिनाही निघेना. रस्त्यावर पाऊल वाजलं की तो दाराशी धावायचा. शेवटी त्यानं पुतळा जाळला आणि घरी येऊन गोपिकावहिनीच्या बांगड्या वरवंट्यानं फोडल्या. मनगटात काच शिरली, तरी ती ओरडली नाही.

"जिते असले तर, भाऊजी?" एवढंच म्हणाली.

बाजारात पिंपळाखाली एक म्हातारा सैरबीन, भिंगातून चित्रं दाखवायचा डबा, मांडून बसला होता. "इटलीचं फ्लॉरेन्स पाहा. गाइड साहेबाच्या मागं मागं चाला."

इटलीचं नाव ऐकलं आणि कवडूनं भिंगाला डोळा लावला.

खट्. उन्हातला दगडी चौक. पुढं काठी उंच धरलेला गाइड, मागं दहा-बारा गोरे. सगळ्यांत शेवटी एक पाठमोरा शिपाई. डावा खांदा किंचित खाली, मुकुंदाचा असायचा तसा.

"आता मोठं देऊळ. मान वर करा..."

खट्. सगळ्यांच्या माना वर. शिपायाची खाली. डब्यातून ओली पानं जळल्याचा, तुपाचा वास येऊ लागला.

"आता पूल. मागं राहू नका..."

शिपाई मागं राहिला होता. दोन्ही हातांनी भिंत चाचपत होता.

"त्याले दिसत नाही का गा?" कवडूनं विचारलं.

"कोणाले?"

"त्या शिपायाले."

"शिपाई कुठचा? लढाईच्या आधीची चित्रं हायत हे."

खट्. अरुंद गल्ली. गाइड नाही, गोरे नाहीत. शिपाई एकटा, आणि आता इकडं वळलेला. चेहऱ्याच्या जागी तपकिरी काथ्या, त्यात तीन काळी भोकं. भोकांतून धूर निघत होता.

तीन आठवड्यांनी लष्कराच्या इस्पितळाचं पत्र आलं. पोस्टमननं वाचून दाखवलं. मुकुंद जिवंत. फ्लॉरेन्सच्या एका गल्लीत सापडला. तोंड भाजलेलं, म्हणून ओळख उशिरा पटली. आजूबाजूला आग कुठंच नव्हती. सापडल्याची तारीख सर्वपित्री अमावस्येची.

गोपिका हसली. मग कवडूकडं बघून हसायची थांबली.

चैत्रात मुकुंद घरी आला. डोक्यापासून गळ्यापर्यंत पांढरं बँडेज. गोपिकेनं त्याला पाटावर बसवलं आणि म्हणाली, "तुमी सोडा, भाऊजी. तुमच्याच हातानं."

कवडूनं मानेमागं बोटं नेली. बँडेजखाली पिवळं सूत लागलं. दोन वेढे, शेवट आत खुपसलेला. त्यानं नखं लावली, दात लावले. गाठ सुटेना.

आतून मुकुंद हळूच बोलला,

"काहून गा कवडू... इतकं घट्ट बांधलं?"