चारचा फेरा

बसा रे, बसा. दिवे येतील तेव्हा येतील. या हॉस्टेलचा जनरेटर माझ्याइतकाच म्हातारा आहे, ढकलल्याशिवाय आम्ही दोघंही सुरू होत नाही. चष्मेवाल्या, असा पुढे ये. तुझ्यावर रागावलेलो नाही मी. शनिवारचं ट्रेनिंगचं लॉगबुक तू गुरुवारीच भरून ठेवलंस, एवढंच ना? तुझ्याआधी हजारोंनी केलंय ते. शिडाच्या जहाजांवर वाळूचं घड्याळ असायचं, दर अर्ध्या तासाने उलटायचं. पहाऱ्यावरची पोरं वाळू संपायच्या आधीच ते उलटून मोकळी व्हायची, म्हणजे पहारा तेवढा लवकर सुटायचा. तेव्हा तू काही नवा शोध लावलेला नाहीस. फक्त एक ऐकून घे आणि मग झोपायला जा.

मी इंजिन रूममध्ये होतो तेव्हा आमच्या जहाजावर एक सेकंड ऑफिसर होता. सगळे त्याला नुसतं सेकंड म्हणायचे. रात्री बारा ते चार ब्रिजवरचा, म्हणजे जहाज चालवतात त्या वरच्या खोलीतला, पहारा त्याचा. कामाला चोख, बोलायला गोड माणूस. आता जमिनीवरच असतो. हे सगळं त्याने मला स्वतः सांगितलं, याच बाकावर बसून, आणि सांगताना एकदाही माझ्याकडे बघितलं नाही.

गेल्या नोव्हेंबरची सतरा तारीख, सोमवार. सेकंड एका म्हाताऱ्या बाईंना भेटायला निघाला होता. साडेचारची बस, हातात थोडी फळं. या बाईंचा मुलगा आमच्याच जहाजावर खलाशी होता. बावीस वर्षांपूर्वी तो समुद्रात पडला आणि सापडला नाही. आता बाई अंथरुणाला खिळलेल्या. त्यांच्या मुलीने फोन करून सांगितलं होतं, आईचे फार दिवस राहिलेले नाहीत, माझ्या भावाला ज्याने शेवटचं पाहिलं त्याला एकदा भेटायचंय म्हणते.

शेवटचं पाहिलं... आता हे नीट ऐका.

आमच्या कप्तानाची एक शिस्त होती. रात्री दोनला आणि चारला पहाऱ्यावरच्या ऑफिसरने मागच्या डेकपासून केबिनपर्यंत फेरा मारायचा, प्रत्येक दार हळूच उघडून माणूस जागेवर आहे का बघायचं, आणि मग लॉगबुकात लिहायचं. त्या रात्री पाऊस होता. सेकंडने बाराला पहारा घेतला तेव्हा सुटणारा खलाशी हाच मुलगा. चोवीस वर्षांचा. म्हणाला, मागे दोरीवर माझे कपडे आहेत, काढून आणतो आणि झोपतो. सेकंड बरं म्हणाला. मग निवांत बसून त्याने दोन्ही फेरे आधीच लिहून टाकले. दोन वाजता, सगळे जागेवर. चार वाजता, सगळे जागेवर. नंतर जाऊ म्हणाला, आणि गेलाच नाही.

सकाळी सहाला पोरगा नाही. कप्तानाने लॉगबुक उघडलं आणि सेकंडला सगळ्यांसमोर विचारलं, "चारला तू त्याला बंकवर झोपलेला पाहिलंस?"

सेकंड खिडकीतून मागच्या डेकवर बघत होता. कपडे दोरीवर तसेच होते, भिजलेले. पोरगा कपडे काढायला गेला तेव्हाच पडला होता, साडेबाराच्या सुमाराला. हे त्या ब्रिजवर एकट्या त्याला कळलं. पाणी उबदार होतं आणि पोरगा पट्टीचा पोहणारा. अजून जिवंत असू शकला असता. फक्त एक शब्द बोलायचा होता.

"हो," सेकंड म्हणाला.

जहाज मागे फिरलं, पण चारला जिथे होतं तिथपर्यंतच. तिथे आम्ही दिवसभर घिरट्या घातल्या. मीही रेलिंगला उभा राहून डोळे फुटेस्तोवर पाणी बघत होतो. आणि पोरगा पडला होता त्या जागेच्याही चाळीस मैल मागे. कदाचित तेव्हाही हात मारत असेल.

कंपनीने घरी पत्र पाठवलं. चारला झोपलेला पाहिला होता, नंतर पडला असावा, जहाज ताबडतोब मागे फिरलं, काही करायचं बाकी ठेवलं नाही. त्या पत्रावर बाईंनी बावीस वर्षं काढली.

सेकंडने बसमध्ये घोकून ठेवलं होतं, आज खरं सांगायचं. आठला तो पोचला. लांबट घर, मधून बोळ. पुढची खोली, मग आईची, मग मुलीची, शेवटी मागचं दार. मुलगी त्याला दादा म्हणाली. भाऊ असता तर तुमच्यापेक्षा थोडा लहान असता, असंही म्हणाली. मग आईजवळ घेऊन गेली. बाईंनी त्याचा हात चाचपडत धरला आणि एवढंच विचारलं, "झोपला होता ना रे बाळा, शांत?"

"हो, आई. गाढ झोपला होता."

असा माणूस असतो. बावीस वर्षं जे गिळून बसला, ते ओठांवर आलं आणि पुन्हा गिळलं. बाई हसल्या म्हणे. ते हसू त्याला मारल्यापेक्षा जास्त लागलं.

मुलगी चार रात्री झोपलेली नव्हती. सेकंड म्हणाला, तुम्ही पडा, रात्रीचा पहारा माझ्या अंगवळणी आहे. तिने वही दिली. बाराला, दोनला, चारला आईचा श्वास बघायचा, ओठ ओले करायचे, वेळ घालून लिहायचं. बाराला तो गेला. दोनला गेला. श्वास चालू होता, बारीक. पुढच्या खोलीत येऊन त्याने दोनची नोंद केली. आणि पेन हातात होतंच, तर...

मला म्हणाला, हात आपोआप खाली सरकला. चार वाजता. पाहिलं. झोपल्या आहेत.

लिहून झालं आणि त्याच्या लक्षात आलं आपण काय लिहिलं. खोडायला पेन टेकवलं.

तेवढ्यात मागचं दार वाजलं.

वाऱ्याने असेल, त्याला वाटलं. मग पाऊल वाजलं. अनवाणी. ओलं... फरशीवर ओलं पाऊल उचलताना येतो ना, तो आवाज. चालणाऱ्याला घाई नव्हती. चार पावलं. मग थांबली.

मुलीच्या खोलीचं दार हळूच उघडलं.

दार पुन्हा लागलं.

सेकंड उठला नाही. त्याला कळलं होतं. डोकं नाही, अंग सांगत होतं. माणूस जागेवर आहे का, बघितलं जात होतं. मागून पुढे. दारामागून दार.

पावलं पुढे आली. आईच्या खोलीशी थांबली.

दार उघडलं.

आणि लागलं नाही.

पुढचं दार त्याचं होतं. तो वाट बघत बसला. अडीच. तीन. पावलं बाहेर आलीच नाहीत. आतून आवाज नाही. दहा पावलांवर म्हातारी बाई एकटी होती... किंवा एकटी नव्हती. उठायला हवं होतं. चारचे ठोके पडले. उठायलाच हवं होतं.

नाही उठला.

सहाला मुलगी उठली. आईच्या खोलीत गेली. मग ती पुढच्या खोलीत आली आणि आधी वही बघितली. अंग थंडगार आहे म्हणाली. मग बावीस वर्षांपूर्वी कप्तानाने विचारलं होतं तेच तिने विचारलं.

"चारला पाहिलंत ना, दादा? झोपेतच गेली ना?"

सेकंडच्या तोंडात हो तयार होतं. मला म्हणाला, शपथेवर सांगतो, तयार होतं.

"नाही," तो म्हणाला. "मी पाहिलं नाही. लिहिलं, पण पाहिलं नाही. तेव्हाही पाहिलं नव्हतं."

मग सगळं सांगितलं. कपडे, दोरी, चाळीस मैल. मुलगी भिंतीला टेकून ऐकत होती. ओरडली नाही, शिवी दिली नाही. द्यायला हवी होती, तो म्हणाला, मला बरं वाटलं असतं. त्याचं बोलून संपलं. मग म्हणाली, "इकडे या."

आईच्या खोलीत नेलं. बाईंचा चेहरा शांत होता. मुलीने चादर बाजूला केली आणि दोन्ही हात दाखवले. डावा नेहमीसारखा, वाळका. उजवा भिंतीकडच्या स्टुलाच्या बाजूला पसरलेला, बोटं अर्धवट मिटलेली, कोणाचा तरी हात धरल्यासारखी. त्याचा तळवा पांढराफटक पडला होता आणि बोटांची टोकं चुरमडली होती. म्हातारपणाने नाही. तासन्‌तास पाण्यात राहिल्यावर होतात तशी.

सेकंडने खाली वाकून फरशी बघितली, स्टूल बघितलं, चादर हाताने चाचपली.

सगळं कोरडं होतं.