वाऱ्याकडे पाठ

यशपालच्या फुग्याला कुंभारी गावची पोरं 'गाभण म्हस' म्हणत. नाव काही खोटं नव्हतं. अठरा फूट लांब, राखाडी, मध्ये टम्म. पोटात हेलियम भरला की तो जमिनीवरून अलगद उठायचा आणि दोन छोट्या पंख्यांच्या जोरावर, रिमोट फिरवाल तिकडे, माणसाच्या चालीनं चालायचा. कुणाच्या दुकानाचं उद्घाटन, कुणाचं लग्न, कुणाच्या क्लासचं गॅदरिंग. पोटावर फलक बांधायचा, नाकाखाली कॅमेरा लावायचा आणि खालच्या गर्दीचं चित्रीकरण गिऱ्हाइकाच्या हवाली करायचं. धंदा नखरेल, पण सोलापुरात चालायचा.

वारा हा या धंद्यातला थोरला जावई. त्याची मर्जी आधी सांभाळायची, मग बाकीच्यांची. फुग्यानं वाऱ्याशी भांडायचं नसतं, त्याच्याकडे नाक करून गुमान उभं राहायचं असतं. शेपटीचे पंख त्यासाठीच असतात. रिमोट खाली ठेवला तरी फुगा आपसूक वाऱ्याकडे तोंड करतो. हे यशपालला शिकवलं त्याच्या थोरल्या बहिणीनं, संघप्रियानं. तो रिमोट धरायचा, ती चिमूटभर माती हवेत सोडून वारा सांगायची. "उजवीकडनं येतंय रे यशा, नाक वळीव की!" आणि तिचं बोलणं संपेपर्यंत झोत आलेला असायचा.

तिला जाऊन आता वर्ष होत आलं होतं.

गेल्या फेब्रुवारीत कुंभारीच्या माळावर सराव करताना रिमोटचा संपर्क तुटला आणि फुगा वाऱ्यावर निघाला. संघप्रियानं स्कूटी काढली. यशपाल मागून पायी धावत होता, फोन कानाला लावून. "ताई, त्याच्यावरनं नजर हटवू नको!" तो ओरडला.

"न्हाय हटवत. तू ये," ती म्हणाली.

पुढे अक्कलकोट रस्त्यावर उसाची ट्रॉली चाक काढून उभी होती. लोक म्हणाले, पोरीनं ब्रेक दाबलाच नाही. फुगा मात्र थोडा पुढे जाऊन एका लिंबाच्या झाडावर टेकला, जसाच्या तसा.

"डोळ्यावर ऊन आलं असंल पोरीच्या," आई, चांगुणाबाई, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. यशपाल मान हलवायचा. फोनवरचं ते वाक्य त्यानं आईला सांगितलं नव्हतं. रोज सकाळी सांगायचं ठरवायचा आणि रोज चहा निवून जायचा.

दहा महिन्यांनी त्यानं फुगा परत बाहेर काढला. वारा बघायला कुणीतरी हवं, म्हणून सिद्धाप्पाला बोलावलं. फुगा अडकला ते लिंबाचं झाड सिद्धाप्पाच्या रानातलं. साठीचा मेंढपाळ, आयुष्य माळावर गेलेलं. त्यानं घोंगड्याची लोकर उपटून चिमटीतून सोडली, तिच्याकडे पाहिलं, मग वर पाहिलं.

"वारं तिकडनं हाय," तो म्हणाला. "आन् हे वाऱ्याकडं पाठ करून उभारलंय की."

यशपालनं फुगा उतरवला. शेपूट तपासली, पंख हलवून बघितले, वजन पुन्हा तोललं. सगळं जागच्या जागी होतं. फुगा वर गेला आणि हळूहळू फिरला. कॅमेऱ्याची काळी काच यशपालच्या समोर आली तसा थांबला.

पंखे अडकले असतील, असं म्हणून त्यानं बॅटरी काढली. आता नुसती, या खेपेला फुग्याला बांधलेली दोरी उरली. तो दहा पावलं डावीकडे गेला. नाक डावीकडे आलं. मग त्यानं फुग्याखालून पूर्ण फेरी मारली. नाकानंही फेरी मारली. वारा एवढा होता की सिद्धाप्पाचं धोतर फडफडत होतं, पण फुगा जराही हेलकावला नाही.

"आमची कुत्री करत्यात असं," सिद्धाप्पा थोड्या वेळानं म्हणाला. त्याचा आवाज नेहमीपेक्षा खाली होता. "एकदा 'राख' म्हणलं की मेंढरावरनं नजर काढत न्हाईत. उपाशी ऱ्हात्यात. ज्यानं सांगितलं त्यानंच 'पुरं' म्हणाय लागतंय."

यशपालनं दोरी ओढून फुगा खाली घेतला.

तरी त्यानं एक काम घेतलं. माणूस किती वेळ भिणार? रुद्राणी नावाची एक बाई मुलींना नाच शिकवायची, तिच्या कार्यक्रमाचं चित्रीकरण. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. "दादा, माझ्या पोरी कुठं आहेत? दीड तास तुम्हीच दिसताय."

त्यानं ते चित्रीकरण बघितलं. तो रिमोट धरून उभा. तो वडापाव खातोय. तो भिंतीआड गेला तर कॅमेरा भिंतीच्या टोकावर वाट बघत थांबलाय. पाऊण तासानं चित्रातला यशपाल शर्टाच्या बाहीनं डोळे पुसतो. तेव्हा आपल्याला कुणी बघत नाही अशी त्याची खात्री होती.

रविवारी संघप्रियाचं वर्षाचं पुण्यानुमोदन होतं. आदल्या दिवशी सकाळी आईनं चप्पल घातली. "मला तितं घेऊन चल. ती शेवटचं काय बघत होती ते मला बघू दे."

माळावर कोवळं तिरपं ऊन होतं. दूर सिद्धाप्पाची मेंढरं चरत होती. यशपालनं कॅमेरा सुरू केला, फुगा वर सोडला. आई पदराचं टोक धरून बघत राहिली. वाऱ्याकडे पाठ करून फुगा फिरला आणि थांबला.

"हे तुझ्याकडंच का बघतंय रे?"

यशपालनं रिमोट खाली ठेवला.

"आई, ऊन न्हवतं आलं तिच्या डोळ्यावर. मी फोनवर म्हणलो तिला, नजर हटवू नको. ती वर बघत गेली. माझ्यामुळं."

आई खाली मातीवर बसली.

"वरीसभर एकट्यानं वागवलास व्हय हे?" ती म्हणाली.

तो रडायला लागला.

"मला न्हाय सांगायचं. तिला सांग."

यशपालनं मान वर केली. काळी काच त्याच्याकडेच होती.

"ताई," तो म्हणाला. "ताई, पुरं. हटव नजर. समोर बघ."

काहीच झालं नाही.

मग नाक हललं. सावकाश, कुणाचा तरी हात सोडताना हलावं तसं. फुगा अर्धा फिरला, वाऱ्याकडे तोंड करून उभा राहिला आणि पहिल्याच झोताला डुलला. आता तो नुसता फुगा होता. यशपालला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. त्याला एकदम पोरकं वाटलं.

घरी आल्यावर आईनं चष्मा लावला. "दाव मला."

पडद्यावर ते दोघं होते. आई मातीत बसलेली, यशपाल मान वर करून बोलतोय. चित्र त्यांच्यावरून सरकलं. आभाळ आलं. मग रस्ता आला.

ऐंशी फुटांवरून रस्ता दोरीसारखा दिसतो. हा तसा नव्हता. हा अगदी समोर होता, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर, आणि भराभर मागे जात होता.

"कुंभारीचं वळण हे," आई पुटपुटली.

वळणापुढे उसाची ट्रॉली उभी होती. तिचं एक चाक काढलेलं होतं.

यशपालचा हात चित्र बंद करायला पुढे झाला. आईनं तो धरला.

ट्रॉली मोठी होत गेली. उसाची वाळकी पाती दिसायला लागली. मग चित्र जरासं उजवीकडे झालं, ट्रॉली डावीकडून निघून गेली आणि पुढे रस्ता मोकळा होता.

तो संपेना. फुगा उतरवून, घडी घालून, ते दोघं घरी पोचले तोवरचं सगळं चित्रीकरण त्या रस्त्याचंच होतं.

"कुटं चाललीय रे?" आईनं हळूच विचारलं.

यशपाल पडद्याजवळ सरकला. सकाळचं ऊन तिरपं होतं आणि रस्त्याच्या कडेनं स्कूटीची सावली बरोबर पळत होती. सावलीतल्या बाईची मान सरळ होती.