लाल गाडीचा पिवळा दिवा

"गाडी विकतेयस? आज?" शंकासुर जवळजवळ किंचाळला.

"पाच वाजता गिऱ्हाईक येऊन घेऊन जाणार," असं म्हणून मावशी लाल बॉनेटवरून फडकं फिरवत राहिली.

सुट्टीला मावशीकडे आलेली ही तीन भावंडं. थोरली तेराची, हुकूम सोडायची भारी हौस म्हणून ती कॅप्टन. मधल्याला काहीही सांगा, "कशावरून?" हा प्रश्न ठरलेला, म्हणून तो शंकासुर. धाकटी पिटुकली दहाची, पण तिखट नजर तिचीच.

गाडी होती बावीस वर्षांची जुनी स्पोर्ट्स कार. दोनच सीट, आणि इतकी बुटकी की पोट रस्त्याला टेकेल! मावशीचा तिच्यावर फार जीव. पण चार महिन्यांपासून डॅशबोर्डवरचा इंजिनाचा पिवळा दिवा तिचं डोकं खात होता. कोपऱ्यावरच्या गॅरेजच्या मिस्त्रींनी आधी प्लग बदलले, मग एक सेन्सर बदलला. दर वेळी दिवा विझायचा आणि काही दिवसांनी पुन्हा हजर! गेल्या आठवड्यात तर गाडी भर चढावर गचके देत बंद पडली.

"भरवसाच उरला नाही रे," म्हणत मावशीने बॉनेटवरून पुन्हा फडकं फिरवलं. तिला गाडी विकायची नव्हती, हे तिघांनाही कळलं.

"पाचपर्यंत आम्हाला शोध घेऊ दे!" कॅप्टन म्हणाली.

"घ्या. पण मिस्त्रींशिवाय एकाही नटबोल्टला हात लावायचा नाही."

मावशीची एक सवय होती. दिवा लागला की ती स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर फुली मारायची. पिटुकली पाणी प्यायला म्हणून गेली आणि तांब्या तिथेच ठेवून धावत आली.

"सगळ्या फुल्या सोमवारी नाहीतर मंगळवारी आहेत!"

"मग रविवारी गाडीला कोण हात लावतं?" शंकासुराने विचारलं.

काका, म्हणजे मावशीचे यजमान! दुसरं कोण? शिलाई मशिनं दुरुस्त करायचं त्यांचं दुकान घराखालीच होतं. तिघं थेट तिथे धडकली.

"रविवारी? सेवा करतो तिची!" काका खूश झाले. "हवेचा फिल्टर धुतो आणि त्याला तेल पाजतो. तेलाच्या डब्यावर लिहिलंय, वर्षातून एकदा, थोडंसं. म्हटलं, कंजुषी कशाला? यंत्राला तेल मिळालं की त्याला मरण नाही!"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. काका इतके मनापासून हसत होते की पुढे बोलायची कोणाचीच छाती होईना.

कॅप्टनने मिस्त्रींना अंगणात बोलावून आणलं.

"तुमच्या तपासायच्या यंत्राने नेमकं काय सांगितलं होतं?" शंकासुराने विचारलं.

"हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. म्हणून सेन्सर बदलला."

"पण सेन्सर बिघडलाय, असं यंत्र म्हणालं का?"

"पंचवीस वर्षं गाड्या खोलतोय मी! हे केस काय उन्हाने पांढरे झाले?"

"मग पैज!" कॅप्टन पुढे झाली. "आमचं चुकलं तर तुमच्या गॅरेजची फरशी आम्ही घासणार. फक्त फिल्टरचा डबा उघडा."

गॅरेजची फरशी फारच काळी होती. मिस्त्री लगेच कबूल झाले.

त्यांनी आधी यंत्र जोडलं. पेट्रोल कमी पडू नये म्हणून गाडीचा कॉम्प्युटर ते चोवीस टक्के जास्त सोडत होता. मग डबा उघडला. फिल्टर तेलाने निथळत होता! पिटुकलीने टॉर्चच्या उजेडात पुढच्या नळीत डोकावून पाहिलं.

"आत केसाएवढी तार आहे. तिच्यावर तेल, आणि तेलावर धूळ!"

मिस्त्रींचा चेहरा उतरला.

"ही तार आत जाणारी हवा मोजते," ते हळूच म्हणाले. "माखली की हवा आहे त्यापेक्षा कमी मोजते. मग कॉम्प्युटर आधी पेट्रोलही कमीच सोडतो, आणि ते पुरत नाही असं दिसलं की वाढवत नेतो."

"आणि दिवा लागतो!" तिघं एकदम ओरडली.

मिस्त्रींनी तारेला बोटही न लावता तिच्यावर साफ करायचा फवारा मारला, ती सुकू दिली आणि नवा कोरडा फिल्टर बसवला. मग कॅप्टनला शेजारी बसवून ते त्याच चढावर गेले. परत आले तेव्हा दारात गिऱ्हाईक उभं होतं.

"चोवीसचे चार झाले!" कॅप्टन यंत्र उंचावत ओरडली. "आणि एकही गचका नाही!"

"पण तेल आलं कुठून?" मावशीने विचारलं.

तिघं घाईघाईने बॉनेट पुसायला लागली. दुकानाच्या दारात उभे असलेले काका मात्र पुढे आले.

"मीच घातलं," ते म्हणाले. "दर रविवारी. माझ्यामुळे तू ती विकायला निघालीस?" ते मटकन पायरीवर बसले.

मावशीने कपाळावर हात मारला. तिला रागही आला होता आणि हसूही आवरत नव्हतं.

"माफ करा, गाडी विकायची नाही," तिने गिऱ्हाइकाला सांगितलं.

"शाबास रे पोरांनो!" मिस्त्री म्हणाले. "मी नुसता दिवा विझवत बसलो. तो का लागतो, हे तुम्ही विचारलंत."

मावशीने तिघांना एकदम कवेत घेतलं. मग ती काकांकडे वळली. "उठा आता. बसा माझ्या शेजारी."

गाडी चढ चढून दिसेनाशी झाली. मावशी नंतर सांगत होती, की काकांनी जाता-येता एकदाही बाहेर पाहिलं नाही. ते डॅशबोर्डवर नजर लावून बसले होते, आणि घरी पोहोचल्यावरच त्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला.