मंदाची ओव्हर

आधीच सांगते, हे मी रचून सांगत नाहीये. माझ्या सख्ख्या बहिणीच्या बाबतीत झालंय, आणि निम्मं माझ्या डोळ्यांसमोर झालंय.

आम्ही बौद्ध माणसं. भूत, करणी, उतारा असलं काही आमच्या घरात कधी चाललं नाही. कुणी विषय काढला तरी आई फटकारायची. त्यामुळे "शालूताई, तुम्हाला भास झाला असेल" हे मला सांगू नका. तीस वर्षांत सगळ्यांचं सांगून झालंय ते.

साल चौऱ्याण्णव. थंडीचे दिवस.

जागा, भाईंदर पूर्वेला केबिन रोडच्या मागच्या गल्लीतलं एक खासगी हॉस्पिटल. पहिला मजला, एकच वॉर्ड. नाव सांगत नाही. हॉस्पिटल आता बंद झालंय, पण डॉक्टरांची मुलं आहेत, आणि मला कोर्टकचेऱ्या करायची हौस नाही.

माझी मोठी बहीण मंदा तिथे रात्रीची नर्स होती.

कायम रात्र. आठवडाभर रात्र, मग दिवस, असं नाही. लागली तेव्हापासून रात्रच.

आम्ही दोघी पेणकरपाड्यात एका खोलीत राहायचो. आई-वडील गावी, खेडला. खोलीत एकच लोखंडी खाट. मी दिवसा स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यावर पॅकिंगला जायचे, ती रात्री हॉस्पिटलला. सकाळी मी खाटेवरून उठायचे आणि ती पडायची. ती खाट कधी गार झाली नाही.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे.

नर्सलोकांत एक पद्धत असते. पाळी संपली म्हणून उठून घरी जाता येत नाही. पुढची सिस्टर येते, आणि जाणारी तिला एकेक पेशंट तोंडाने सांगते. कुणाला ताप, कुणाचं सलाईन संपत आलंय, कोण रात्रभर रडलं. याला म्हणतात ओव्हर देणं. समोरची "घेतली" म्हणाली की पहिली मोकळी.

"घेतली" ऐकल्याशिवाय पाय बाहेर टाकायचा नाही.

मंदा हे देवाधर्मासारखं पाळायची. मी तिला चिडवायचे. सकाळी ती दारात आली की मी ताठ उभी राहून सांगायचे, "सिस्टर, दूध तापवलंय. स्टोव्हची वात खराब आहे. दुपारी पाण्याचा टँकर येणार. घेतली का ओव्हर?"

"घेतली गं बाई घेतली, पळ आता," म्हणत ती चपलांसकट खाटेवर पडायची.

झोपायची कुठली! दुपारी टँकर आला की हंडे घेऊन रांगेत उभं राहावं लागायचं. मग भंगारवाला. मग कुणाची तरी पोरं दारावर बॉल मारणार. मी घरी असले की एकेकाला झाडायचे. "अरे, रात की ड्यूटी है उसकी, सोने दो ना!" लोक हसायचे. दिवसा झोपणारी बाई म्हणजे त्यांना गंमत वाटायची.

आणि काय काय बोलायचे! एक स्थळ आलं होतं, मुलगा चांगला होता. त्याच्या आईने विचारलं, "मुलगी रात्रीची बाहेर असते म्हणे?" संपलं.

मंदाचे केस गळायला लागले. पाय सुजायचे, इतके की संध्याकाळी चपलेत जायचे नाहीत. सारखं आंबट पाणी तोंडात. चार-चार महिने मासिक पाळी नाही. एकतीस वर्षांची बाई, पण माझी आई वाटायची.

मी म्हटलं, दिवसाची पाळी माग.

तिने मागितली. डॉक्टर काय म्हणाले माहितीये?

"मंदा, तू रात्री असलीस की मी निर्धास्त झोपतो."

मंदा मला हे कौतुकाने सांगत होती. मला मात्र त्या माणसाच्या कानाखाली आवाज काढावासा वाटला.

त्याच थंडीत ते सुरू झालं...

शुक्रवारी आमचा गाळा बंद असायचा. दुपारी मी तांदूळ निवडत बसले होते. मंदा गाढ झोपलेली.

एकदम ती उठून बसली.

डोळे मिटलेले.

"आले," म्हणाली. स्पष्ट, जागेपणी बोलावं तसं. आणि चपला घालून दाराकडे निघाली.

मी तिला धरलं. "कुठे चाललीस?"

"बेल वाजतेय ना..."

"कुठली बेल? झोप तू."

तिने डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं आणि ओशाळून हसली. म्हणाली, "घरी आल्यावर पण वाजते गं. रोज वाजते. कुणाला तरी काहीतरी हवं असतं."

मी कान देऊन ऐकलं. मला काही ऐकू आलं नाही. आमच्या खोलीला बेलच नव्हती.

त्यानंतर पंधरा-वीस दिवस गेले असतील. त्या सकाळी दिवसाची सिस्टर वेळेवर आली नाही. कुणाच्या तरी लग्नाला गेली होती. मंदाने डॉक्टरांना घरी फोन केला. ते म्हणाले, थांब जरा, बघतो.

ती थांबली. दुपारपर्यंत थांबली.

ओव्हर घ्यायला कुणी नव्हतं ना.

वॉर्डातल्या दाराशी एक स्टूल असायचं, त्यावर ती बसलेली. पेशंटना वाटलं, डुलकी लागली असेल. कुणीतरी बेल दाबली, तरी उठली नाही. तेव्हा कळलं.

मला गाळ्यावर बोलवायला आमच्या चाळीतले आत्मारामकाका आले. मी पोचले तेव्हा मंदा घरी खाटेवर होती. डॉक्टरांनी तिला गाडीत घालून पाठवली होती आणि सांगितलं होतं, घरी सोडायला पाठवली, वाटेत गेली.

वाटेत!

म्हणजे हॉस्पिटलात काही झालंच नाही. ती स्टुलावरच गेली, हे मला नंतर पेशंटच्या नातेवाइकांकडून समजलं.

पाय इतके सुजले होते की चपला निघेनात. मी कात्रीने पट्टे कापले.

...

दोनेक महिने गेले. आमच्या शेजारच्या चंपाबाईंना टायफॉइड झाला. नांदेडकडची म्हातारी, मंदावर फार जीव. मुलाने त्यांना नेमकं त्याच हॉस्पिटलात टाकलं. मी त्याला बोलले, पण आता काय उपयोग? सकाळी पेज घेऊन मी गेले. त्या जिन्यावर पाय ठेवताना मला रडू आलं.

चंपाबाईंनी मला जवळ बोलावलं. हळूच म्हणाल्या,

"शालू, मंदा अजून ड्यूटीवर हाय गं माय."

मी म्हटलं, ताप आहे तुम्हाला.

"ताप रातीच उतरला. तिनंच पट्ट्या ठेवल्या. मी बेल दाबली न्हाई, तरी आली. चपला नुसत्या फटक-फटक वाजत व्हत्या, पट्टा तुटल्यावानी."

पट्टे मी कापले होते. खोलीचं दार लावून, एकटीने. चंपाबाईंना ते माहीत असायचं कारणच नव्हतं.

"भ्यायलात का?"

"तिला काय भ्यायचं? पर लई दमल्याली दिसली गं. जाताना मला इचारलं तिनं..."

"काय?"

"'मावशी, सकाळची सिस्टर आली का?' असं."

माझ्या हातातली पेज सांडली.

मी तशीच डॉक्टरांच्या केबिनमध्ये शिरले. म्हटलं, रात्रीला सध्या कोण सिस्टर आहे? ते हसले. म्हणाले, नव्या मुली टिकत नाहीत, दोन आल्या आणि घाबरून पळाल्या. मग मी नवी सिस्टर बघणंच सोडून दिलं. खाली कंपाउंडर झोपतो. आणि खरं सांगू का, पेशंटची एक तक्रार नाही. उलट रात्रीच्या सिस्टरचं कौतुकच करतात.

हे बोलताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

त्यांना माहीत होतं! त्या माणसाला सगळं माहीत होतं, आणि तो मेलेल्या बाईकडूनसुद्धा काम करून घेत होता. निर्धास्त झोपत होता!

मी विहारात जाऊन बसले. वंदना म्हटली. मन थाऱ्यावर येईना. माझी बहीण जिवंतपणी झोपली नाही, आणि मेल्यावरही तिला झोप नाही. का, तर कुणीतरी "घेतली" म्हणायचं राहिलं म्हणून.

दुसऱ्या दिवशी पाळी बदलायच्या वेळेला मी वॉर्डात गेले. दिवसाची सिस्टर नेहमीप्रमाणे अजून यायची होती. बाहेर ऊन पडलं होतं, खाली रिक्षावाले भांडत होते. त्या स्टुलापाशी मी ताठ उभी राहिले. तिला चिडवायला राहायचे तशी.

म्हटलं, "मंदा, मी आले. दे ओव्हर."

काही नाही.

खालची भांडणं थांबली. पंखा थांबला. चंपाबाई उशीवरून डोळे मोठे करून बघत होत्या...

फटक.

फटक... फटक...

वॉर्डाच्या त्या टोकाकडून. सावकाश. एक पाय ओढत.

माझ्या अगदी समोर येऊन आवाज थांबला. दिसलं मला काहीच नाही. पण स्पिरिटचा आणि तिच्या खोबरेल तेलाचा वास आला.

आणि मग तिचा आवाज. दमलेला.

"एक नंबर, बाळंतीण. मुलगी झाली म्हणून रात्रभर रडली. तिच्याशी बोल जरा."

एक नंबरच्या खाटेवर तर एक म्हातारे गृहस्थ होते. ही त्या रात्रीचे पेशंट सांगत होती. ती गेली त्या रात्रीचे.

"दोन नंबर, सलाईन संपत आलंय. तीन नंबरला पोटात दुखतंय, डॉक्टरांना फोन केला, उठत नाहीत..."

मी "हं, हं" म्हणत होते.

"आणि..."

ती थांबली.

"आणि स्टुलावर एकजण बसलीये. पहाटेपासून छातीत दुखतंय तिच्या. कुणाला सांगितलं नाही तिने. बघशील?"

मला हुंदका फुटला. शेवटी ओरडूनच म्हणाले, "घेतली गं बाई, घेतली! पळ आता!"



मग चपला वाजल्या. दाराकडे. जिन्यावरून खाली. शेवटच्या पायऱ्या तर ती जवळजवळ पळतच उतरली. लहानपणी शाळा सुटल्यावर उतरायची तशी.

पंखा फिरायला लागला. चंपाबाई तोंडात पदर घालून रडत होत्या.

त्यानंतर त्या हॉस्पिटलात रात्री कुणी आलं नाही. पेशंट बेल दाबदाबून थकले, बोंबाबोंब झाली. डॉक्टरांना रात्रीच्या दोन सिस्टर ठेवाव्या लागल्या. एका मंदाच्या जागी दोन!

मला वाटलं, सुटलो आपण.

ओव्हर घेतली त्याच रात्री मी खाटेवर पडले. इतक्या दिवसांनी छान झोप लागत होती.

टर्रर्रर्र...

मी उठून बसले. तोंडातून शब्द गेलासुद्धा.

"आले."

खोलीत मी एकटी. बेल नाही. पण कुणाला तरी काहीतरी हवंय, आणि ते मलाच द्यायचंय, एवढं मात्र पक्कं कळत होतं. मी सगळी खोली फिरले. कोण बोलवतंय ते सापडलं नाही. आजपर्यंत सापडलेलं नाही.

पुढे लग्न झालं, बेव्हर्ली पार्कला राहायला आलो, साक्षी झाली. बेल आली माझ्याबरोबर. माझे केस गेले. पाय सुजतात. आंबट पाणी कायमचं. इथल्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदा तपासलं तेव्हा विचारलं, "मावशी, तुम्ही नाइट शिफ्ट करायचात का हो? नर्स होतात का?"

मी आयुष्यात एक रात्र कामाला गेलेली नाही.

मंदासाठी केलं, त्याचं मला दुःख नाही. ती झोपली असेल. तिच्यासाठी मी परत घेईन. पण ओव्हर घेतली की द्यावी लागते, हे मला तेव्हा सुचलंच नाही.

माझी साक्षी आता कॉल सेंटरला आहे. रात्रपाळी. मी किती कानीकपाळी ओरडले, ऐकत नाही. मागच्या महिन्यात ती सुट्टीवर होती. मी रात्री उठून घरभर फिरतेय हे तिने बघितलं. माझा हात धरला आणि म्हणाली,

"आई, तू झोप ना. मी तशी पण जागीच असते. काय बघायचंय ते सांग मला, मी घे..."

मी तिच्या तोंडावर हात दाबला. इतक्या जोरात की तिचा ओठ फुटला.

दोन दिवस बोलली नाही माझ्याशी. शशिकांतला, म्हणजे तिच्या बाबांना, म्हणाली, आईला डॉक्टरला दाखवा. दाखवू दे. मला वेडी म्हणाली तरी चालेल. शब्द पुरा झाला नव्हता तिचा, मी होऊ दिला नाही. अर्धा शब्द मोजत नाहीत, असं मी स्वतःला समजावत होते.

काल सकाळी ती ड्यूटीवरून आली, चपलांसकट सोफ्यावर आडवी झाली. मी चहा ठेवला. दुपारी मला म्हणाली,

"आई, आपल्या घरात बेल कुठे लावलीये गं? झोपूच देत नाही."

मी म्हटलं, शेजाऱ्यांची असेल.