छुट्टी न मिळालेले शिपाई

कुणाचाही विश्वास बसणार नाही. पैज लावतो.

पण घडलं ते असंच घडलं. वऱ्हाड मुंबई राज्यात गेलं, त्याच वर्षी, थंडीत. कामरगावच्या बाहेर, टेकाडावरच्या शिपाईलाईनीत.

आणि रात्री नाही बरं का. दिवस मावळायच्या आधी, चांगल्या उजेडात. रात्री तर कुणालाही काहीही दिसतं.

शिपाईलाईन म्हणजे लढाईत अधू झालेल्या शिपायांसाठी इंग्रजांनी बांधलेली लांबच लांब इमारत. काळा दगड, सागाच्या तुळया, वर कवेलू, म्हणजे मातीची कौलं. एके काळी तिथं बसायला जागा मिळत नव्हती. आता दोघंच उरले होते. एक माझे मामा, हवालदार दौलतसिंग. एक पाय बसऱ्याच्या लढाईत ठेवून आलेले. दुसरे बिगुलवाले सैफुद्दीनचाचा. चाचांचे दात पडले, तसा बिगुल खुंटीला गेला.

मामा कुबडी बगलेत धरून छपरावर चढायचे. फुटलं कवेलू स्वतः बदलायचे. दर दिवाळीला सागाच्या दारांना जवसाचं तेल पाजायचे. स्वतःच्या डोक्याला मिळो न मिळो.

पण लाईनीची एक रीत होती.

रोज संध्याकाळी गिनती व्हायची. हवालदार एकेकाचं नाव पुकारायचा, तो "हाजिर" द्यायचा. कुणी मेला, तर हवालदारानं त्याच्या खाटेपाशी उभं राहून मोठ्यानं म्हणायचं, "छुट्टी मंजूर." की तो शिपाई सुटला. तोवर मेला तरी ड्यूटीवर.

मामांनी ते म्हणणंच बंद केलं होतं.

अमरसिंग मेला. मामा गप्प.

गोविंदसिंग मेला. मामा गप्प.

सोमला मेला. मामांनी फक्त त्याचं कांबळं झटकलं, घडी घालून खाटेवर ठेवलं.

"दौलत, छुट्टी दे दे यार उनको," चाचा काकुळतीला यायचे. "त्यायच्या खाटा करकरून राह्यल्या. मले झोप नाई."

"कापूस घाल कानात. मानसं कमी झाली का सरकार लाईन मोडन. एकालेबी छुट्टी नाई!"

आणि एक दिवस जीप आलीच.

जीपमधून साहेब उतरले, ठेकेदार उतरला. मागून बैलगाडीत सब्बली, म्हणजे लोखंडी पहारी घेऊन मजूर. मजुरांचा म्होरक्या धनजचा लखमा.

"हवालदार, दोन माणसांसाठी एवढी इमारत ठेवता येत नाही," साहेब म्हणाले. "तुमची अकोल्याला सोय केली आहे."

साहेब बोलतायत तोवर लखमा छपरावर. पहिलं कवेलू खाली आलं.

खळ्ळ!

मामांच्या कपाळाची शीर उडाली. "खाली उतर बे लखम्या! तुह्या बापानं चढवलं होतं का ते?"

"मले काहून बोलता मामा? हुकूम हाये. मले पोट हाये."

मामा साहेबांकडे वळले. "दोन मानसं कोन म्हनते? गिनती घेतल्याबिगर पलटन हालत नसते, साहेब. आज गिनती होईन. मानसं कमी भरली, तं पयली सब्बल मीच मारतो."

"आणि पुरी भरली तर?"

"तं तुमी जीपीत बसाचं."

साहेबांना हसू आलं. "घ्या गिनती."

चाचांनी मामांची बाही धरली. "मत कर, दौलत. ते आले तं?"

"आले पायजेत. इतके वर्सं माही तंबाखू फुकट खाल्ली हाये त्यायनं."

मामा व्हरांड्यासमोर ताठ उभे राहिले. छाती भरून हाक मारली.

"सिपाही अमरसिंग!"

...

काही नाही.

तुळईवर पारवे घुमत होते. ते थांबले. सगळे एकदम.

ठेकेदारानं विडी पेटवली. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं.

आणि आतून...

करर्र.

कुणी खाटेवरून उठून बसावं, तसा आवाज.

"हाजिर."

ठेकेदाराची विडी ओठांवरच राहिली. छपराच्या भोकातून लखमा आत डोकावला. त्याचा आवाज चिरकला.

"मामा... खोलीत कोनीच नाई जी!"

"तुले कोन इचारलं? सिपाही गोविंदसिंग!"

...

आधी खोकला. जुना, ओला, छातीतला.

मग "हाजिर."

मग व्हरांड्याच्या फरशीवर बूट वाजले. खाड. खाड. फरशीवर धुळीचा थर होता. त्यावर एक ठसा उमटेल तर शपथ.

"सिपाही सोमला!"

"हाजिर!"

हा आवाज तर असा खणखणीत, की खालच्या गाडीचे बैल बिचकून उभे राहिले. चाचा मामांची बाही सोडून मागं सरले.

"आत माणसं लपवलीत तुम्ही!" साहेब ओरडले. सरळ खोलीत शिरले.

बाहेर सगळे वाट बघत राहिले.

साहेब बाहेर आले ते हळूहळू. दाराशी थांबले. डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. कुणासाठी काढली, ते कुणी विचारलं नाही.

"खाटा रिकाम्या आहेत," ते म्हणाले. "पण... मधला काथ्या खाली दबलेला आहे. सगळ्यांचा."

जीप धूळ उडवत गेली. लखमानं छपरावरूनच उडी टाकली आणि लंगडत गाडीमागं पळत सुटला. मामा कुबडी उगारून मागून ओरडले, "अबे, फोडलेलं कवेलू कोन बसवन? तुहा बाप?"

लाईन आजही उभी आहे. साहेब पुन्हा आले नाहीत. चाचांनी मात्र बिछाना गुंडाळून गावातल्या मशिदीत मुक्काम हलवला. वर मामा एकटेच.

मी एकदा विचारलं, "मामा, आता तरी त्यांना सोडा की."

"कायले? लाईन उभी तोवर मी उभा. मी उभा तोवर ते उभे."

"आणि तुमची छुट्टी कोण मंजूर करणार?"

 मामा दारावरून तेलाचं बोट फिरवत राहिले.

आजवर ही गोष्ट जिथं जिथं सांगितली, तिथं तिथं लोक इथपर्यंत येऊन गार पडले. परवा कामरगावच्या मोटारस्टँडवर सांगत होतो. मेडशीची गाडी यायची होती. गर्दी जमली होती. गर्दीत एक म्हातारी चंदाबाई बसलेली. सोमलाची सख्खी बहीण, हे मला कुठं ठाऊक! तिनं सगळं ऐकून घेतलं. तोंडातली तंबाखू थुंकली. आणि साऱ्या स्टँडला ऐकू जाईल असं ओरडली,

"खोटं! साफ खोटं बोलून राह्यला हा लबाड! माह्या भावाच्या नरड्यात गोळी लागली होती. लढाईतून आला तं मुका आला, मरेपर्यंत एक शबद बोल्ला नाई. गिनतीत टाळी वाजवे तो! तो कसा 'हाजिर' म्हनन?"

लोक हसले. मीही हसणार होतो.

पण चंदाबाई हसत नव्हती. तिचा आवाज खाली आला.

"आन खोटं नसन... तं माह्या भावाच्या खाटेवर कोन बसून हाये रे?"