पार्किंगमधला निळा ठिपका

उपग्रहाच्या चित्रात पुण्याचा उन्हाळा लालभडक दिसतो. झाडी आणि पाणी तेवढं निळं. शहरात झाडी किती उरली, ऊन कुठे साचतं, हे त्या रंगांवरून ताडायचं, ही हेमाची नोकरी. यंदाच्या एप्रिलच्या चित्रात हडपसरमध्ये एक ठिपका खडकवासल्याच्या पाण्याइतका निळा निघाला. तोही तिच्याच सोसायटीच्या पार्किंगमध्ये.

"तलाव खणलात वाटतं," साहेब म्हणाले. "बघून या एकदा."

तिथे पूर्वी हेमाच्या घरची पेरूची बाग होती आणि बागेत विहीर. आप्पांनी, तिच्या वडिलांनी, तिला त्याच विहिरीत पोहायला शिकवलं. तिच्या कमरेला दोर, दुसरं टोक काठावर आप्पांच्या हातात. दम लागला की दोन हिसके द्यायचे. आप्पा वर ओढून घेत. काय दिवस होते ते! पुढे जमीन विकली, विहीर बुजवली, आणि सातव्या मजल्यावर राहायला आलेले आप्पा बोलेनासेच झाले. यंदाच्या उकाड्याने तर त्यांनी अंथरूण धरलं. आप्पा हातचे जातात की काय, या धास्तीने हेमाचं कशात लक्ष नव्हतं.

ठिपक्याचं कानावर घातलं, तेव्हा मात्र म्हातारा उठून बसला. "आपली हीर हाय ती."

दुपारी तिने पार्किंगमध्ये तापमापक टेकवला. पन्नास अंश. कसली विहीर न् कसलं काय! तिने ऑफिसात नासिरला फोन लावला. "तो ठिपका चूक आहे रे, पुसून टाक."

"जेवून पुसतो, ताई."

मागे वळते तो आप्पा उभे. अनवाणी, कमरेला तोच जुना काथ्याचा दोर. "धर हेमे. सोडू नगंस."

"आप्पा, पाय भाजतील! वर चला."

"धर म्हंतो न्हवं."

इतक्या वर्षांनी तो हट्टी आवाज ऐकून तिला भरून आलं. तिने टोक धरलं. आप्पा गाड्यांच्या आड गेले. दोर हातातून सरकू लागला. शेवाळाचा, पिकल्या पेरूंचा वास आला आणि खालून, अगदी तळातून, आप्पांचं हसू.

"लई गार हाय गं!"

हेमाही हसली. डोळे मिटून, लहानपणी हसायची तशी.

फोन वाजला. नासिरचा मेसेज होता. 'पुसला.'

हसू थांबलं. वास गेला.

ती दोराच्या मागोमाग धावली. दोन गाड्यांच्या मध्ये तो सरळ खाली उतरला होता. भोवती सिमेंटला साधा तडाही नव्हता.

तिच्या हाताला दोन हिसके बसले.